शेरा

खराडी, सातवा मजला, रात्रीचे साडेनऊ.
पडद्यावर परमुलखातलं कापलेलं गवत,
त्यावर बावीस माणसं. त्यातला एकच माझा:
जर्सी सतरा. क्वार्टरबॅक.
नाव कळवत नाहीत आम्हाला. वय कळवतात.
तेही बावीसच.

काम सोपं आहे, इरफान तांबोळी म्हणाला होता पहिल्या दिवशी.
चेंडू त्याच्या हातात आला की घड्याळ सुरू,
हातातून सुटला की बंद.
मधल्या अडीच सेकंदांत
तो कुठे बघतो, पाय कुठे ठेवतो,
अंगावर येणाऱ्या चार धिप्पाडांना भितो की नाही,
ते रकान्यांत भरायचं.
आणि हे बघ, निकाल नाही मोजायचा. निर्णय मोजायचा.
समोरच्याच्या हातून चेंडू निसटला, तर तो दोष सतराचा नाही.

मी मान हलवली.
असं कुणी आधी का नाही सांगितलं, हे विचारलं नाही.

पहिल्या आठवड्यात सतरा एकालाच बघायचा.
डावीकडचा तो उंच गडी, जणू मैदानावर दुसरं कुणी नाहीच.
तो अडला की याची तंतरायची,
पाय आधी पळायचे, डोळे मागून यायचे.
मी लिहिलं: नजर १, पाय २.
आणि डबा उघडला. भेंडी गार झाली होती.

पाय आधी, डोळे मागून.
हे वाक्य माझं नाही, भोईटे बाईंचं आहे.
सदाशिव पेठेच्या मागच्या अंगाला खो-खोचं मैदान,
मी चौदाची, चौथ्या चौकोनात बसलेली,
मागून खो यायच्या आधीच उठणारी.
फाउल. पुन्हा फाउल.
बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, बस.
एक हंगाम नुसती बस.
खांबापासून खांबापर्यंत माणूस कसा पळतो
ते तुझ्या गुडघ्यांना कळू दे.

कळत होतं. शपथेवर सांगते, कळायला लागलं होतं.
पण मग निवड चाचणीला कुठून तरी एक गृहस्थ आले,
गळ्यात स्टॉपवॉच, खिशात दोन पेनं,
सहा मिनिटं बघून माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं.
काय, ते अजून ठाऊक नाही.
बाईंनी मला उसाचा रस पाजला. त्यावरून समजले.

चौथ्या आठवड्यात सतराला सात वेळा आडवा केला.
सातव्यांदा उठला तेव्हा हेल्मेटच्या जाळीत गवत अडकलं होतं.
ते त्याने काढलं नाही.
पुढच्या चेंडूला
डावीकडे बघितलं, नाही. मध्ये बघितलं, नाही.
पाय जागेवर, नुसते थरथरत,
उकळी फुटायच्या आधीच्या पाण्यासारखे,
आणि तिसरीकडे, जिथे अजून कुणी पोचलंच नव्हतं,
तिथे फेकला.
पोचणारा पोचला. चेंडू त्याच्या बोटांना लागून उडाला,
समोरच्या संघातल्या एकाच्या छातीत जाऊन बसला.
स्टेडियम त्याच्यावर कसं ओरडलं असेल;
आमच्याकडे आवाज बंद असतो.

मी ते तीन सेकंद अकरा वेळा बघितले.
नजर ५. पाय ५. निर्णय ५.
इरफान मागे येऊन उभा राहिला. पाच? यावर?
तूच म्हणाला होतास, मी म्हणाले.
तो थोडा वेळ थांबला, मग चहाला गेला.

सोमवारी फाइल उघडली तर सतराच्या जागी नऊ.
सतरा बाकावर, खांद्यावर टॉवेल,
कॅमेऱ्याच्या कडेला अर्धाच दिसणारा.
बाकावरच्यांसाठी रकाने नसतात.
फक्त शेवटी एक चौकट: शेरा, ऐच्छिक, चाळीस अक्षरं.
ती कुणी वाचत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

खाली नगर रोडवरून पहाटेची पहिली पीएमटी गेली, रिकामीच.
मी लिहिलं:
बसवलंत, ठीक. तोंड मैदानाकडे असू द्या.